फीची पावती नीट वाचा: विद्यापीठात शिकायला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

पदवीचे निकाल लागले की माझ्याकडे मुलं आणि त्यांचे आईवडील यायला लागतात. मी पारनेर तालुक्यातली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, आणि माझं एम.ए. पुण्याच्या विद्यापीठात झालं हे आसपासच्या गावांत माहीत आहे. प्रश्न बहुतेक एकच असतो: "मॅडम, तिथं फी कमी आहे म्हणतात, पण मग पोराला तिथं मिळणार काय?"

मिळतं भरपूर. फक्त ते कुणी घरपोच आणून देत नाही. मागावं लागतं, वेळेत मागावं लागतं आणि लेखी मागावं लागतं. ज्यांच्या घरात आधी कुणी विद्यापीठाची पायरी चढलेलं नाही, त्या मुलांना हेच कुणी सांगितलेलं नसतं. दोन वर्षं संपतात आणि आपल्या हक्काचं निम्मंही त्यांच्या हाती लागलेलं नसतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आहेत, कारण पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात आणि मला तेच आतून माहीत आहे. महाराष्ट्रातली बाकीची बहुतेक सार्वजनिक विद्यापीठंही २०१६ च्या त्याच सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने चालतात, त्यामुळे योजनांची नावं थोडी बदलली तरी दारं तीच असतात.

प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा: हा अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच आवारात, शेजारशेजारच्या इमारतींत दोन्ही प्रकार असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. "सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्तच असणार" असं धरून आलेले पालक इथंच गडबडतात. फी भरूनही पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला, तर पैसे बुडाले असं समजू नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या परिपत्रकात परताव्याचे टप्पे ठरलेले आहेत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर शंभर टक्के परतावा आहे. पुढे तो कमी होत जातो आणि शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकारही कुठल्याच संस्थेला नाही. तपासून परत, एवढंच.

आता पावती. पैसे भरल्यावर ती घडी घालून पाकिटात ठेवू नका, टेबलावर पसरा आणि एकेक ओळ वाचा. शिक्षण शुल्काखाली ग्रंथालय, जिमखाना, वैद्यकीय, विद्यार्थी विकास, अपघात विमा, राष्ट्रीय सेवा योजना, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध अशा छोट्या छोट्या रकमा असतात. त्यातली प्रत्येक रक्कम म्हणजे तुम्ही आधीच पैसे मोजलेली एक सोय आहे. वैद्यकीय शुल्क भरलंय, म्हणजे आवारातल्या आरोग्य केंद्रात जायचा तुम्हाला हक्क आहे. जिमखाना लिहिलंय, म्हणजे मैदान आणि खेळाचं साहित्य तुमचंही आहे. अश्वमेध म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांची क्रीडास्पर्धा. अपघात विम्याची ओळ दिसली तर घरी सांगून ठेवा, कारण वेळ आल्यावर दावा करायचं घरच्यांनाच माहीत नसतं. 'अनामत' लिहिलेली रक्कम जाताना परत मिळते, तेव्हा मूळ पावती सांभाळा आणि फोनमध्ये फोटोही काढून ठेवा.

शिष्यवृत्तीचं काम गावातच सुरू होतं

पुण्यात पोचल्यावर शिष्यवृत्ती बघू, असं म्हणणाऱ्यांचं पहिलं वर्ष वाया जातं. कारण कागद गावात असतात. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, नुसता तलाठ्याचा चालत नाही. जात पडताळणीला महिने लागतात, तेव्हा ते प्रकरण अकरावी-बारावीतच करून टाकावं. वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी (जात वैधता प्रमाणपत्र) झालेली असेल तर त्याची प्रत जोडली की काम सोपं होतं. नॉन क्रिमीलेयरची मुदत कधी संपते ते बघा. अधिवास, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, रेशनकार्ड, सगळं एका फायलीत ठेवा आणि सगळ्यांवर नाव अगदी एकसारखं आहे ना, ते तपासा. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश' असेल तर अर्ज तिथंच अडकतो.

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे, तिथं मर्यादा आठ लाख. मुलींच्या मोफत शिक्षणाबद्दल बरेच गैरसमज आहेत, ते इथंच दूर करते. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, कॅपमधून (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) व ओबीसी मुलींसाठी आहे. एम.ए., एम.एस्सी.ला जाणाऱ्या मुलीने तो आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नये. आपल्याला कोणती योजना लागते, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

आणि सगळ्यात जास्त मुलं जिथं अडकतात ती जागा: बँक खातं. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणून पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे एनपीसीआयच्या (बँकांचे ऑनलाइन व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारशी जे खातं जोडलेलं असेल, तिथं जातात. केवायसीसाठी बँकेत आधार दिलेलं असणं वेगळं आणि हे सीडिंग वेगळं. लहानपणी कुणीतरी शून्य शिलकीचं खातं उघडून दिलेलं असतं, ते बंद पडलेलं असतं, आणि आधार मात्र त्यालाच चिकटलेलं असतं. माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन केलं की 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं. बँकेचं नाव वाचा. जुनी बँक दिसली तर सध्याच्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी सीडिंग करून घ्यायचा फॉर्म भरा. काम पाच मिनिटांचं आहे, ते ऑगस्टमध्ये केलं की पुढचे सहा महिने हेलपाटे वाचतात.

अर्ज भरून झाला म्हणजे झालं, असंही नाही. तो आधी संस्थेच्या लॉगिनला जातो, मग शासनाच्या विभागाकडे. मध्ये कुठंही 'सेंट बॅक' होऊ शकतो आणि मेसेज आला नाही तर तुम्हाला पत्ताच लागत नाही. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून स्थिती बघा. काही योजनांत शुल्काचा हिस्साही तुमच्याच खात्यात जमा होतो. तो घरखर्चाला वापरायचा नसतो, मुदतीत संस्थेत भरायचा असतो. हे घरीही स्पष्ट सांगून ठेवा. आणि हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर नूतनीकरण अडचणीत येतं.

राहण्याबद्दल थोडक्यात. विद्यापीठाच्या वसतिगृहांत जागा मर्यादित आहेत, म्हणून प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी अर्ज करा आणि सोबतच समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचाही अर्ज टाका. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार अशा योजनांतून राहण्याजेवणाचे पैसे खात्यात येतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांनी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना बघावी. सातबारा घरीच आहे, त्याचा इथं उपयोग होतो.

कमवा आणि शिका

या योजनेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिच्यामुळे माझं एम.ए. झालं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि गरिबाच्या मुलाने स्वतःच्या कष्टावर शिकावं ही रीत घालून दिली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं ब्रीदवाक्य आजही तिच्या शाळा-महाविद्यालयांत वाचायला मिळतं. विद्यापीठातली आणि संलग्न महाविद्यालयांतली योजना त्यांच्याच नावाने चालते. अर्ज विद्यार्थी विकास मंडळाकडे करायचा असतो, तासांप्रमाणे मानधन मिळतं आणि हजेरीपत्रकावरून ते बँकेत जमा होतं. बाग, कार्यालय, प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगणकावरची नोंदणी, अशी कामं असतात. तासिका सांभाळून ती करता येतात.

काम कुठलं मागायचं याचा विचार करून जा. "कुठलंही द्या" म्हणू नका. आपल्या विषयाच्या जितकं जवळचं असेल तितकं बरं. मला परत आलेली पुस्तकं मांडणीवर लावायचं काम होतं. तेव्हा प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची. कुठल्या पुस्तकावर तारखा दाट आहेत, म्हणजे वर्गात काय वाचायला सांगतात, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. आणि ज्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या, ती पुस्तकं मी लावता लावता उघडून बघायला लागले. १८८४ चं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटियर तसंच हाती आलं. त्यात सावकारीवर, शेतकऱ्याच्या कर्जावर सविस्तर मजकूर होता. १८७५ चे दख्खनचे दंगे, ज्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले, ते पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू होऊन आमच्या पारनेरपर्यंत पोचले होते, हे मला तिथं उभ्याउभ्या समजलं. आमच्या घरात कर्ज हा रोजच्या बोलण्यातला विषय. तो अभ्यासाचाही विषय होऊ शकतो, हे त्या दुपारी कळलं. माझा प्रबंध त्यातून निघाला.

या कामाला कमीपणा मानू नका. कुणी मानत असेल तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. ज्या कर्मचाऱ्यांबरोबर तुम्ही काम करता, त्यांना कुठला फॉर्म कोणत्या टेबलावर जातो, कुठल्या साहेबांची सही कधी मिळते, हे सगळं पाठ असतं. तेही शिक्षणच आहे.

ग्रंथालय, आणि कुंपणापलीकडचं

विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. मुख्य ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांचं नाव आहे. आता त्याला जयकर ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. नुसतं अभ्यासिकेत जाऊन स्वतःचे नोट्स वाचण्यासाठी तिथं जाऊ नका. एक पूर्ण सकाळ काढा आणि ग्रंथपालांना विचारा: संदर्भ विभाग कुठं आहे, जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड कुठं आहेत, प्रबंध कसे बघायचे, ऑनलाइन जर्नल्स हॉस्टेलवरून उघडायला लॉगिन कसं मिळतं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली, आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स खुली झाली. एकेका लेखासाठी बाहेर जे पैसे मोजावे लागतात ते आपल्या घरांना परवडणारे नाहीत. ते दार तुमच्यासाठी आता उघडं आहे, तर त्याचा फडशा पाडा. पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचता येतात. आपल्या तालुक्याचं नाव टाकून शोधा. बहुतेक वेळा कुणीतरी त्यावर काम केलेलं असतं.

गणेशखिंडीतलं हे आवार चारशेहून जास्त एकरांचं आहे आणि त्यात विद्यापीठाखेरीज इतर संस्थाही आहेत. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ पासून इथं आहे. तिथं सर्वांसाठी व्याख्यानं होतात, ती चंद्रशेखर सभागृहात. विज्ञानाचे नसलात तरी जा. आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे असलेलं ते आवार चार्ल्स कोरिया यांनी रचलेलं आहे, नुसतं बघण्यासारखं आहे. शेजारीच एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण त्यांचीच, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, ती लोकांना बघायला खुली असते. नारायणगावच्या बाजूची मुलं अख्खं बालपण त्या अँटेना लांबून बघतात आणि त्या कशासाठी आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्यांनी गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि संस्कृत, प्राच्यविद्या शिकणाऱ्यांनी १९१७ पासूनची भांडारकर संस्था गाठावी. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन जा, काम सोपं होतं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश यांचे अर्धवेळ वर्ग तिथं चालतात. एम.ए. करता करता एका भाषेचं प्रमाणपत्र पदरात पडलं, तर पुढे नोकरीच्या वेळी त्याची किंमत कळते. संध्याकाळी ललित कला केंद्रातल्या विद्यार्थ्यांचे प्रयोग असतील तर चुकवू नका. नाटक आणि गाणं इतक्या जवळून बघायला एरवी तिकीट काढावं लागतं.

वर्गात आणि वर्गाबाहेर

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.ए., एम.एस्सी.ला अठ्ठ्याऐंशी श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि संशोधन प्रकल्प आलेच. ओजेटी चार श्रेयांकांची, म्हणजे एकशेवीस तासांची. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून ती उरकणारे भेटतील. तुम्ही तसं करू नका. जिल्हा बँक, सहकारी संस्था, पंचायत समिती, एखादी सामाजिक संस्था, यांना विभागाच्या लेटरहेडवरचं पत्र घेऊन स्वतः भेटा. विद्यार्थी म्हणून आत जायला मिळतं, नंतर उमेदवार म्हणून रांगेत उभं राहावं लागतं. प्रकल्प चांगला झाला तर तो 'आविष्कार'मध्ये मांडा. राज्यभरातल्या विद्यापीठांची ती संशोधन स्पर्धा आहे, आणि तिथं परीक्षकांसमोर उभं राहून बोललेली मुलं पुढे मुलाखतीत अडखळत नाहीत. स्वयम्‌वरचे (म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे) कोर्स करून त्यांचे श्रेयांक जमा करता येतात, पण आधी विभागाची लेखी संमती घ्या.

अध्यापक होण्याची किंवा संशोधनाची इच्छा असेल तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी दुसऱ्या वर्षातच सुरू करा. तिच्यातून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना सदतीस हजार मिळतात, तेवढ्यात घरीही पैसे पाठवता येतात. बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी) या राज्य शासनाच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत, त्यांच्या जाहिराती ठरलेल्या दिवशी येत नाहीत, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

अडलं तर

तोंडी विनंती हवेत विरते. अर्ज दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. एवढ्यानेच अर्धी कामं हलतात. तरीही दाद लागली नाही तर २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे आणि तिने साधारण पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालांकडे अपील करता येतं. गुण अनपेक्षित कमी आले तर ठरलेल्या मुदतीत छायांकित प्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. स्वतःची उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारात येणारा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी करायची. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जास्त आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, मात्र अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो.

घरापासून लांब, खोलीत चार अनोळखी मुलांबरोबर राहताना मन खचतं. विभागातल्या एखाद्या शिक्षकांशी बोला. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा, तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

शेवटच्या सेमिस्टरमध्ये पुणे सोडायच्या आधी ट्रान्स्क्रिप्ट, मायग्रेशन आणि पदवी प्रमाणपत्राचे अर्ज करून टाका. गावी गेल्यावर एका सहीसाठी पुन्हा एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. गुणपत्रिकेवरचं नाव पहिल्याच सेमिस्टरला अक्षर न् अक्षर तपासा. तेव्हा चूक साध्या अर्जावर दुरुस्त होते. पदवी छापून झाल्यावर मात्र प्रतिज्ञापत्रापासून सगळं करावं लागतं. श्रेयांक बँकेचं खातं डिजिलॉकरला जोडलेलं असेल तर सगळ्या सेमिस्टरचे श्रेयांक तिथं जमा झालेत ना, तेही बघून घ्या, आणि एखादं सेमिस्टर दिसत नसेल तर त्याच आठवड्यात परीक्षा विभागात अर्ज द्या.